उजव्या सोंडेचा टर्बो

आमच्या सासरी दोन गोष्टींना फार जपत असत. एक गाडी आणि दुसरी अब्रू. दोन्ही फारशा चालायच्या नाहीत, पण रोज सकाळी धुऊनपुसून अंगणात उभ्या केलेल्या असायच्या.

गाडी आमच्या ह्यांची, अब्रू मामंजींची. मी सेलूची. वडील जिनिंगमध्ये कारकून होते, आणि त्यांनी मला हट्टानं बी.ए., बी.एड. केलं होतं. लग्न ठरताना 'मुलगी शिकलेली पाहिजे' ही अट सासरकडूनच आली होती. शिकलेली मुलगी आणल्यावर तिचं पुढं काय करायचं असतं, याचा विचार मात्र त्या घरात कुणी केलेला नव्हता. गाडीचंही तसंच झालं होतं.

ती गाडी ह्यांनी आमच्या लग्नाच्या आधी हैदराबादहून आणली होती. दोन दारांची, बुटकी, कुण्या खानदानी माणसाच्या आवारात पडलेली. तिच्यात तेव्हा कोंबड्या अंडी घालत होत्या, असं आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई सांगत. ह्यांनी कोंबड्यांना बाहेर काढलं, गाडीचं छप्पर कापून टाकलं, तिला जीपचं डिझेल इंजिन बसवलं आणि लाल रंग दिला. न्हाव्याच्या दुकानातल्या एका मासिकात त्यांनी असल्या स्पोर्ट कारचं चित्र पाहिलं होतं. चित्रात गाडीच्या मागे समुद्र होता. आमच्याकडे मागे कडब्याची गंज होती, पण तेवढं चालवून घेतलं.

गावात तिचं नाव पडलं 'बोडकी'. छप्पर नाही म्हणून बोडकी. आत्याबाईंना हे नाव असह्य झालं. बोडक्या गाडीत सवाष्णीनं बसावं कसं? म्हणून माझ्या लग्नात गाडीला हिरवी ताडपत्री बांधून तिला सवाष्ण करण्यात आलं, आणि मी त्या ताडपत्रीखाली मान वाकडी करून सासरी पोचले. नवरी मान खाली घालून बसली आहे म्हणून बायकांनी कौतुक केलं.

आता टर्बोचं सांगते. टर्बो म्हणजे काय, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात समजलं, कारण ह्यांना दुसरं काही बोलता येत नसे. इंजिनातून जो धूर बाहेर पडतो, तो वाया जाऊ द्यायचा नाही. त्या धुरानं एक चक्र फिरवायचं, त्या चक्रानं दुसरं फिरवायचं, आणि त्या दुसऱ्यानं बाहेरची हवा दाबून परत इंजिनात कोंबायची. म्हणजे इंजिन जास्त जळतं आणि गाडी जास्त पळते. मी सगळं ऐकून म्हटलं, "म्हणजे फुंकणीच की. चूल आपल्याच धुरानं आपल्यालाच फुंकते." ह्यांचा चेहरा पडला. दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत.

ह्यांचा टर्बो कालव्याच्या कामावरच्या माती उपसणाऱ्या एका भंगार यंत्रातून काढलेला होता. तो बसवल्यावर गाडी ताशी शंभराच्या वर जाऊ शकते, असं हे सांगत. आमच्या गावाहून पोखर्णीकडे जाणाऱ्या रस्त्यावर शंभराच्या वर त्या काळात फक्त अफवा जात. गाडीचं पोट इतकं खाली होतं की बैलगाडीच्या चाकोरीतली मधली माती ती साफ करत जायची. पण टर्बो शीळ घालायचा. वेशीपासून ती शीळ ऐकू आली की पारावरची मंडळी म्हणत, "आली बोडकी." ह्यांना वाटे, हे कौतुक आहे.

चार वर्षं मी त्या घरात भाकरी केल्या. मग परभणीच्या एका शाळेत शिक्षिकेची जागा निघाली, आणि माझ्या वडिलांनी मला न विचारता माझ्या नावानं अर्ज केला. मुलाखतीला मी माहेरी आले होते तिथूनच गेले, त्यामुळे सासरी ती कळली नाही. नेमणूक झाल्यावर मात्र कळवावंच लागलं. आठ दिवसांनी, सोमवारी, शाळेत हजर व्हायचं होतं. सोमवारी नाही आलात तर यादीतल्या पुढच्या बाईंना बोलावू, असं शाळेनं स्वच्छ सांगितलं होतं. पुढच्या बाई मला ठाऊक होत्या. त्या परभणीतच राहत आणि त्यांच्या घरी कुणाकडेही स्पोर्ट कार नव्हती.

मामंजींनी बराच वेळ पानाला चुना लावला. मग म्हणाले, "करू द्या नोकरी. सरकारी पगार हाय. पर आपल्या घरची सून येष्टीत लोंबकळत जायाची न्हाई. घरची गाडी हाय, गाडीतून जाईल, गाडीतून येईल."

येष्टीबद्दल मामंजींचं मत वाईट होतं, आणि ते नामांतराचे दिवस असल्यामुळे त्यांना पुरावाही रोज मिळत असे. विद्यापीठाला कुणाचं नाव द्यावं यावरून आज बंद, उद्या मोर्चा, परवा काचा फुटलेली बस. आमच्या गावातून त्या विद्यापीठात कुणी पाऊलही ठेवलं नव्हतं, पण त्याच्या नावाबद्दल पारावर प्रत्येकाचं ठाम मत होतं. ते मत काय होतं, हे पार कुणाच्या मालकीचा होता यावरून समजून घ्यावं. पण मामंजींना खरी भीती काचांची नव्हती. येष्टीत कोण कुणाच्या शेजारी बसेल याला धरबंध नसतो, ही होती.

तरी मला आनंद झाला. इतका झाला की त्या दिवशी मी गाडीच्या चाकालासुद्धा हळदकुंकू लावलं असतं. आणि त्याच आठवड्यात टर्बो मेला.

हे एका लग्नाहून येत होते. शिट्टीचा आवाज एकदम किंचाळल्यासारखा झाला, मागून निळा धूर निघाला, आणि गाडीनं सगळं ऑइल पिऊन टाकलं. बैलांनी ओढून आणलेली गाडी अंगणात उभी केली तेव्हा हे डोकं धरून ओट्यावर बसले. शेजारपाजारचे लोक भेटायला आले. मी चहा केला. कुणी काय झालं, कसं झालं विचारी, आणि हे प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत. अशा वेळी घरातल्या बाईनं हुंदका देण्याची रीत आहे. मला तो आपसूकच आला, कारण सोमवार जवळ येत होता.

परभणीच्या गॅरेजातले एक वस्ताद गाडी बघायला आले. त्यांनी टर्बोचं चक्र बोटानं हलवलं आणि ते चुकचुकले. मी दाराआडून ह्यांना विचारलं, "त्याच्याशिवाय चालत नाही का?" ह्यांनी नाइलाजानं तो प्रश्न वस्तादांना विचारला.

वस्ताद म्हणाले, "चलती ना. एक सादा पाइप लगा देतूं. आराम से चलती."

मला वाटलं, संपलं. पाइप लावा, आणि मला शाळेत सोडा. पण ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी त्यांना नऊवारी नेसायला सांगितलं होतं. "टर्बोशिवाय ती गाडी कसली? ती जीप झाली," ते म्हणाले. मामंजीही म्हणाले, "एक बैल मेला म्हून कुणी दुसऱ्याला घोड्यासंगं जुंपतंय का? टर्बोच आना." मामंजींना टर्बो या वस्तूची काही माहिती नव्हती, पण घरातली वस्तू कमी झाली म्हणजे घराणं कमी झालं, हा त्यांचा हिशोब सगळ्याच वस्तूंना लागू होता.

मग नवा टर्बो निवडायला आम्ही शेजाऱ्यांची जीप मागून परभणीला गेलो. मला शाळा दुरून दाखवायची होती म्हणून बरोबर घेतलं होतं. शाळा दुरूनच दाखवली. बाकीचा वेळ मी वस्तादांच्या गॅरेजात, पदर सावरून, एका टायरवर बसले होते.

वस्तादांकडे तीन टर्बो होते. एक क्रेनचा, घागरीएवढा. तो लावला असता तर टर्बोलाच चाकं लावून गाडी त्यात ठेवावी लागली असती; नाकापेक्षा मोती जड. राहिले दोन, एकसारखेच, एकमेकांच्या समोर ठेवले तर आरशात पाहिल्यासारखे. वस्तादांचं एक होतं. गिऱ्हाईक ज्याच्यावर हात ठेवील, तोच माल त्यांच्या मते अव्वल. ह्यांनी एकावर हात ठेवला, वस्ताद म्हणाले, "नंबर एक चीज." ह्यांनी दुसऱ्यावर ठेवला, वस्ताद म्हणाले, "ये तो उसका भी बाप." हे घामाघूम झाले. आयुष्यात त्यांनी निवड अशी एकदाच केली होती, ती गाडीची. मला त्यांच्या आईनं निवडलं होतं.

शेवटी मामंजी पुढे झाले. बैल पारखण्यात मामंजींचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. लांबलांबच्या बाजारात लोक त्यांना मुद्दाम नेत. त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि टर्बो पारखायला घेतले. आधी दांड्याला धरून हलवून पाहिलं, दात पाहतात तसं. मग वजन केलं. मग तोंडाशी नाक नेऊन वास घेतला. आणि मग त्यांची नजर त्याच्या आकारावर गेली. टर्बोचं बाहेरचं भांडं गोगलगायीसारखं वळलेलं असतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक असेल. मामंजींनी त्या वळणावरून बोट फिरवलं.

"ह्याचा भवरा डावा हाय," ते म्हणाले. "डाव्या भवऱ्याचं जनावर मालकाला खातंय. आन् ह्ये बगा. ह्ये उजवं. उजवा शंक हाय ह्यो. लक्षुमी."

वस्ताद लगेच म्हणाले, "मालक ने बिलकुल सही पकडा." नंतर कळलं, तो उजवा टर्बो त्यांच्याकडे कितीतरी दिवस पडून होता.

मला इंजिनातलं काही कळत नाही. पण मला डोळे आहेत. आमच्या गाडीचा जुना टर्बो डावीकडे वळलेला होता, हे मी रोज अंगण झाडताना उघड्या बॉनेटमध्ये पाहिलेलं होतं. मी हळूच ह्यांना म्हटलं, "अहो, याचं तोंड उलटीकडे येईल." हे म्हणाले, "तू गप बस. बाबा बघायलेत ना." बाबा बघायलेत म्हटल्यावर प्रश्नच मिटला. दुसऱ्या कुठल्या मुलखात असली वस्तू विकत घेताना लोक इंजिन पाहत असतील. आम्ही भोवरा पाहून घेतली.

उजवा टर्बो बसवायला गाडी वस्तादांकडे गेली आणि शुक्रवारी परत आली. त्याचं तोंड उलटीकडेच आलं होतं. त्यामुळे वस्तादांनी एक लांबलचक पाइप फिरवून, पत्रा कापून, गाडीच्या आतून नेला होता. आतून म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटच्या पायाशी. म्हणजे माझ्या पायाशी. गाडी चालू झाली की तो पाइप असा तापे की त्यावर पापड भाजून निघाला असता. त्याला ओलं बारदान गुंडाळण्यात आलं. चुलीपासून सुटका व्हावी म्हणून मी नोकरी धरली होती, तर ह्यांनी गाडीतच पायाशी चूल मांडून दिली. पण चालली होती. सोमवार गाठता येत होता. भाजलं तर भाजलं, मी म्हटलं.

इतक्यात आत्याबाईंनी विचारलं, "उजवा हाय म्हन्तेत, म्हंजी गनपतीवानी उजव्या सोंडेचा का?"

मामंजी खुशीत होते. "तसंच समज," ते म्हणाले.

झालं. हा शब्द मामंजींनी सहज उच्चारला, पण आत्याबाईंनी तो उचलला तो कायमचा. उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक. डाव्या सोंडेचा आपला चालवून घेतो, उजव्याला सोवळं नीट लागतं. संध्याकाळी बॉनेट उघडून टर्बोला नारळ फोडला, तेलात कालवून शेंदूर लावला. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू केल्यावर तो शेंदूर जळून असा धूर झाला की आत्याबाईंनी हात जोडले. मग एकेक नियम निघत गेले. चामड्याच्या वहाणा काढून गाडीत बसायचं. अंडं खाल्लेल्यानं आंघोळ केल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही. हे परभणीला गेले की स्टँडवर आमलेट खातात हे आत्याबाईंना ठाऊक होतं, हे त्या दिवशी ह्यांना ठाऊक झालं. अमावस्येला गाडी काढायची नाही. सुतकातल्या माणसाला बसवायचं नाही. मामंजींना यातलं निम्मं पटत नसावं. पण बोललेला शब्द मागे घेणं हे येष्टीत बसण्यापेक्षाही खालचं होतं.

एक नियम कुणी बोललंच नाही. बोलायची गरजच नव्हती.

आमच्याकडे महिन्याचे चार दिवस बाई 'बाहेरची' असायची. मागच्या पडवीत बसायचं, घोंगडी वेगळी, तांब्या वेगळा, कशाला शिवायचं नाही. हे इतकं रोजचं होतं की त्याचा रागही यायचा बंद झाला होता. त्या आठवड्यात मी मनात सारखी तारीख मोजत होते आणि अजून अवकाश आहे असं स्वतःला सांगत होते. सोमवारी पहाटे उठले, आणि कळलं की अवकाश नाही.

मी पडवीत जाऊन बसले आणि आत्याबाईंना हाक मारून सांगितलं. त्यांनी हातातली केरसुणी दाराआड ठेवली. मग आत गेल्या. आतून मामंजींचा आवाज आला, "मंग चार रोजानं जाईल. साळा काय पळून जायलीय का?"

शाळा पळून जात नव्हती. पण पुढच्या बाई पायात चपला घालून बसल्या असतील, हे मला दिसत होतं.

हे अंगणात गाडीपाशी उभे होते. मी पडवीच्या कोपऱ्यातून त्यांना म्हटलं, "तुम्ही सांगा ना मामंजींना. लोखंडाला कसला विटाळ?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मी जरा इंजिन बघतो." आणि खरंच बॉनेट उघडून आत डोकं घातलं. मला त्या माणसाचा तेव्हा जो राग आला तो अजून आठवतो. शंभराच्या वेगानं जायच्या गप्पा मारणारा माणूस, आणि बापासमोर एक वाक्य पुढं सरकेना.

मग मी उठले. चेहरा धुतला, पडवीत वाळत घातलेलं धुतलेलं लुगडं नेसले आणि घराच्या बाजूनं पुढच्या अंगणात आले. मामंजी ओट्यावर होते. चार वर्षांत मी त्यांच्याशी समोरासमोर कधी बोलले नव्हते. म्हटलं, "मामंजी, मी बाहेरची आहे ना?"

ते गडबडले. "व्हय," म्हणाले.

"मग घरात बसून काय करू? बाहेरची आहे, बाहेर जाते."

आणि चालू लागले. आता गंमत पाहा. मला अडवायचं तर कुणाला तरी माझा हात धरावा लागला असता. हात धरला की आंघोळ, आणि सकाळची पूजा व्हायची होती. मामंजी ओट्यावरून उठले आणि पुन्हा बसले. आत्याबाई दारात होत्या, त्यांनी पदर आवरून घेतला. गडी बाजूला झाले. त्या घरातून आजवर कुठल्या सुनेला इतकी रुंद वाट मिळाली नसेल. एरवी आमच्या घराला दुसऱ्यांना न शिवण्याचा फार अभिमान होता. त्या दिवशी तो माझ्या उपयोगी पडला.

येष्टी आली. तिला ना उजवी सोंड होती ना डावी. कंडक्टरनं मला कुठं जायचं एवढंच विचारलं, मी कोणत्या दिवसांत आहे ते विचारलं नाही. एका धनगरणीनं मांडीवरचं कोकरू आवरून मला जागा दिली. खिडकीशी बसून मी इतका मोठा श्वास घेतला की तिनं विचारलं, "माह्यारला चालल्या का बाई?"

आणि मग माझ्या लक्षात आलं, की माझी सगळी सर्टिफिकिटं घरी राहिली.

ती देवघराजवळच्या कपाटात होती. त्या कपाटाला मला हात लावायची बंदी, म्हणून त्याचा विचारही मनात आला नाही. इतकी ती सवय अंगात मुरलेली. अस्सल कागद दाखवल्याशिवाय शाळेत हजर करून घेणार नव्हते. मी अंगणात एवढं मोठं वाक्य बोलून आले होते, आणि आता शाळेच्या दारातून हात हलवत परत यायचं. मामंजी काही बोलले नसते. नुसते पानाला चुना लावत बसले असते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात मागून शीळ ऐकू आली.

कंडक्टर मागे वळून म्हणाला, "रेल्वे यायलीय का काय?" मी खिडकीतून डोकं काढून पाहिलं. धुळीत लाल काहीतरी येत होतं. ताडपत्री सुटून मागे फडफडत होती, आणि हे एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं काहीतरी हलवत होते. ती माझी सर्टिफिकिटांची निळी पिशवी होती. येष्टीच्या ड्रायव्हरनं भल्या माणसासारखी बाजू दिली. पण स्पोर्ट कारला येष्टी काही ओलांडता येईना. जवळ येई, किंचाळे, खड्डा आला की मागे पडे. उजव्या सोंडेनं उलट्या अंगानं जी हवा कोंबली होती, ती कुठं जात होती देव जाणे. बसमधले लोक मागच्या काचेशी जमले. पैज लावणारेही निघाले. येष्टीकडून जास्त होते.

पोखर्णी दिसू लागली तेव्हा मागे निळा धूर झाला आणि शीळ थांबली. मी समजले, गेला. येष्टी नरसिंहाच्या देवळाजवळच्या थांब्यावर थांबली. माणसं चढली, उतरली, कंडक्टरनं घंटी मारली, आणि मी ओरडले, "थांबा हो, आमचे हे येतायत."

हे पळत येत होते. मी त्यांना आयुष्यात कधी पळताना पाहिलं नव्हतं. धोतर असतं तर सुटलं असतं. पँट होती म्हणून वाचले. येष्टीत चढले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं, छाती भात्यासारखी चालली होती. माणूस टर्बोशिवायसुद्धा पळू शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं. गॅरेजात टर्बो निवडायला गेलो तेव्हा कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं, एवढंच.

धनगरणीनं कोकरू उचललं आणि पुढच्या बाकावर गेली. हे माझ्याजवळ बसले. एका बाकावर दोघं बसलं की खांदा लागतोच. मी म्हटलं, "आता तुम्हाला आंघोळ करावी लागेल."

"करीन की," ते म्हणाले. मग जरा वेळानं, पिशवीकडे बघत, "बाबाला सांगून आलो. एवढं सांगून आलो, की कागद द्यायला चाललो."

ते काही मोठं वाक्य नव्हतं. पण त्यांच्या मानानं ते ताशी शंभराच्या वर होतं. महिन्याच्या त्या चार दिवसांत ते माझ्या इतक्या जवळ कधी बसले नव्हते. मला रागवायचं होतं, बरंच बोलायचं होतं, पण परभणी येईपर्यंत मी त्यांच्या बाहीवरचं ऑइल पुसत बसले.

शाळेत हजर झाले. पुढच्या बाई तिथे आल्याच होत्या. त्यांनी माझ्याकडे फार वाईट नजरेनं पाहिलं, आणि मला त्यांचं वाईट वाटलंही, पण फार नाही.

बोडकी पोखर्णीहून पुन्हा बैलांनीच ओढून आणली. मामंजींनी पारखून घेतलेली ती जोडी. भोवरे उजवे असतील तर त्यांचे होते. पुढं वस्तादांनी साधा पाइप लावून दिला आणि गाडी मुकाट चालू लागली, पण ह्यांनी तिला परत कधी स्पोर्ट कार म्हटलं नाही. टर्बो आत्याबाईंनी भंगारात देऊ दिला नाही. तो देवघरात शंखाशेजारी ठेवला. त्याच्यातून ना हवा जात होती ना आवाज निघत होता, तेव्हा तो देवघरात शोभत होता. मी येष्टीनं जाऊ लागले. त्याला मामंजींनी परवानगी दिली नाही आणि बंदीही केली नाही. माझी निघायची वेळ झाली की ते मळ्याकडे जात.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा पडवीत होते. सकाळी तयार होऊन निघाले, डब्याशिवायच, कारण त्या दिवसांत चुलीपाशी जायची सोय नव्हती. मागच्या दाराशी आले तर उंबरठ्यावर डबा ठेवलेला. फडक्यात बांधलेला, अजून गरम. आत्याबाई आत, दोन हात लांब उभ्या होत्या. मला शिवू नये एवढ्या लांब.

त्या म्हणाल्या, "घे. पोटाला काई नगं का?" मी वाकले, तर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "सारी उमर हितं कोपऱ्यात बसून काढली बाई. बाहेरची म्हंजी बाहेर जायाचं आस्तंय, हे आमाला कुनी सांगितलंच न्हाई."

मी डबा उचलला. रस्त्यावर येष्टीचा हॉर्न वाजला तशा त्याच म्हणाल्या, "जा, जा. सुटंल."